जीन्सला माया नसते

आमच्या लहानपणी धाकट्या भावाची विजार शिवायला टाकताना आई शिंपीकाकांना दोनदा बजावायची, ‘माया भरपूर ठेवा हं, वाढतं अंग आहे.’ शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला मराठीत माया म्हणतात. हा शब्द ज्या कोणी ठेवला त्याला शिवणही कळत होती आणि माणूसही. वर्ष सरलं की काका टीप उसवायचे, माया सोडायचे आणि तीच विजार आणखी एक शाळेचं वर्ष काढायची.

आता घरातली एखादी जीन्स उलटी करून बघा. मागची शिवण आणि बहुतेक वेळा पायाच्या आतलीही, दोन्ही काठ एकमेकांत अडकवून, वरून दोन समांतर टिपा मारून सपाट केलेली असते. ती उसवली तर हाती येतं पाव-अर्धा इंच कापड, तेही दुमडून दुमडून विरलेलं. अंगमेहनतीच्या कामात शिवण उसवू नये म्हणून ही रचना झाली. ती मजबूत आहे, यात वादच नाही. पण तिच्यात माया नाही. जीन्स आत घेता येते, सोडता येत नाही. अंगाला नीट बसणारी जीन्स इतकी दुर्मीळ का, याचा अर्धा उलगडा इथेच होतो.

उरलेला अर्धा भाग ट्रायल रूममध्ये सापडतो. आमच्या घरचीच चार माणसं घेते. वहिनीला मांडीत बसणारी जीन्स कमरेला मागून इतकी उघडी राहते की आत हात जावा. नवऱ्याचं पोट पुढे आणि पाय काटकुळे. पोटाला ३८ लागते आणि मांडीशी तिचा तंबू होतो. भाची पाच फूट दहा. तिच्या घोट्यावर जीन्स कायम पूर आल्यासारखी वर चढलेली. मी पाच फूट एक. माझी प्रत्येक जीन्स दुकानातून निघते ती घरी न येता अल्टरवाल्याकडे जाते. चौघंही ट्रायल रूममधून बाहेर येतात तेव्हा तोंडी वाक्य एकच असतं: ‘माझंच अंग विचित्र आहे.’ जीन्स विचित्र आहे असं म्हणत बाहेर आलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

मूळ जीन्स एवढी कठोर नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत नेवाडातल्या रिनो गावचा याकब डेव्हिस हा शिंपी मजुरांच्या विजारींचे खिसे उसवू नयेत म्हणून त्यांना तांब्याच्या रिव्हेट ठोकायचा. सॅन फ्रान्सिस्कोचा कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्याबरोबर त्याने २० मे १८७३ रोजी या युक्तीचं पेटंट घेतलं. त्या विजारी ढगळ असत. त्यांना गॅलिस अडकवायला गुंड्या असत आणि कमरेमागे बकल लावलेली एक छोटी पट्टी असे. पट्टी ओढली की कंबर आवळायची, सोडली की सैल. पुढे १९२२ साली बेल्टसाठी लूप आले, दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायचा म्हणून मागची पट्टी गेली. कंबर कमी-जास्त करायची सोय जीन्सच्या अंगात होती, ती बेल्टकडे गेली. आणि बेल्ट कापडाला आवळतो फक्त. मागची उघडी फट तो चुण्यांनी झाकतो, घालवत नाही.

या कुळाचा एक धागा मुंबईचा आहे. ‘डेनिम’ हा शब्द फ्रान्समधल्या नीम गावाकडे बोट दाखवतो, ‘जीन’ इटलीतल्या जेनोआकडे. पण मजुरांच्या जाड्याभरड्या कपड्यांचं तिसरं इंग्रजी नाव, ‘डंगरी’, आपल्या डोंगरीवरून आलं. सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या लिखाणात ते सापडतं. म्हणजे शब्द आणि कापड आपण दिलं, आणि माप मात्र परत येताना परकं आलं.

मापाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची अंगं मोजली, प्रत्येकीची पन्नासहून जास्त मापं घेतली. हेतू चांगला होता: टपालाने कपडे मागवणाऱ्या बायकांना अंदाज यावा. पण हिशोबात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं धरली गेली. त्या आकड्यांच्या आधारे १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांच्या मापाचं मानक निघालं, १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं. तेव्हापासून तिथे कुणाचं ‘८’ कुणाच्या ‘१२’शी जुळत नाही. गिऱ्हाईक लहान आकड्यात मावलं की खूश होतं, हे व्यापाऱ्याला लवकर कळलं. लेबलवरचा आकडा तोच राहिला आणि कापड वाढत गेलं.

पुरुषांना वाटतं, आपलं माप इंचात आहे, त्यात लबाडी कशी होणार? २०१० साली एका अमेरिकन मासिकाने वेगवेगळ्या कंपन्यांच्या, लेबलवर ३६ लिहिलेल्या विजारी टेप लावून मोजल्या. ३७पासून ४१पर्यंत आकडे निघाले. छत्तीसातली एकही छत्तीस नव्हती. आमच्या घरी हे वाचून दाखवल्यावर नवऱ्याने कपाटातल्या तीन जीन्स मोजल्या, आणि मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

तर लेबलवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही, हे पहिलं. पण आकडा खरा असता तरी अडचण सुटली नसती, कारण कारखान्यात जीन्स कशी ‘वाढते’ ते बघायला हवं. पॅटर्न मास्टर एक मूळ साचा बेततो, समजा ३० कमरेचा. तो एका मॉडेलच्या अंगावर बसवून बघतात. मग त्याच साच्याला सगळीकडून ठरावीक इंच वाढवत ३२, ३४, ३६, आणि घटवत २८ करतात. कंबर दोन इंच वाढली की सीटही तितकीच, मांडीही प्रमाणात, आसनही थोडं खाली. आसन म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात ती जागा. शिंप्याचा शब्द आहे आणि चांगला आहे. माणसं अशी प्रमाणात वाढत नाहीत. कुणी पोटावर वाढतं, कुणी मांडीवर. उंच माणसाचं आसन लांब असतंच असं नाही, आणि जाड माणसाची पोटरी जाड असतेच असंही नाही. साच्याच्या मधल्या दोन-तीन मापांत बऱ्यापैकी लोक बसून जातात. कडेच्या मापांना गेलात की चूक दर पायरीला वाढत जाते. ४२ कमरेच्या माणसाला जीन्स बसत नाही ती त्याच्या लठ्ठपणामुळे नव्हे. तिसाच्या माणसासाठी बेतलेली चूक त्याच्यापर्यंत येईतो सहा वेळा मोठी झालेली असते.

त्यात आपलं अंग. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभं राहून काढलेला स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. ‘बारीक दिसणारे पण चरबी बाळगणारे भारतीय’ हा याज्ञिकांचा आयुष्यभराचा अभ्यास आहे आणि तो मधुमेहाचा आहे, कपड्यांचा नाही. पण जीन्सच्या दुकानात मला तो फोटो नेहमी आठवतो. चरबी पोटाशी आणि हातपाय सडसडीत, ही ठेवण आपल्याकडच्या पुरुषांत सर्रास दिसते. अशा माणसाला पोटाच्या मापाने जीन्स घेतली की सीट मागे लोंबते आणि मांडीत वारा खेळतो. मांडीच्या मापाने घेतली की बटण लागत नाही. लंडनच्या डॉक्टरांच्या अंगाचा साचा पुण्याच्या डॉक्टरांना बसेलच असं नाही, वजन-उंचीचं प्रमाण तंतोतंत जुळलं तरी.

म्हणूनच आपल्या लोकांची मापं आपणच घ्यायला हवीत. ‘निफ्ट’ या फॅशन शिक्षणसंस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीने तो घाट घातला: मुंबईसह सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्रीपुरुषांची त्रिमितीय स्कॅनरने मापं. कल्पना उत्तम. फक्त माझी शंका एवढीच, की स्कॅनर माणसाला उभं करून मोजतो. त्याबद्दल पुढे बोलूच.

मधल्या काळात बाजाराने काय केलं? मासिकांनी फळं आणली. तुम्ही नासपाती आहात की सफरचंद, वाळूचं घड्याळ की काठी, ते ठरवा आणि त्याप्रमाणे जीन्स घ्या. मी हे तक्ते वर्षानुवर्षं मन लावून वाचले आणि आता त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा हजारांवर अमेरिकन स्त्रियांच्या अंगाचे स्कॅन तपासले. त्यात ज्या वाळूच्या घड्याळासाठी बहुतेक कपडे बेतले जातात ते जेमतेम ८ टक्के निघालं, आणि ४६ टक्के स्त्रिया खांदे-कंबर-नितंब जवळपास सरळ रेषेत असलेल्या. हा आकडा मोलाचा आहे. पण जीन्स निवडायला खांद्यांची रुंदी काय कामाची? फळांचे तक्ते अख्खं अंग बघतात. जीन्सचा संबंध फक्त बेंबीखालच्या भागाशी.

लेव्हीजने २०१० मध्ये ‘कर्व्ह आयडी’ आणताना हे ओळखलं होतं. ६० हजार स्त्रियांच्या स्कॅनवरून त्यांनी असं मांडलं की मुख्य प्रश्न आकारमानाचा नसून वळणाचा आहे. एकाच कमरेसाठी कमी, मध्यम आणि जास्त वळणाचे तीन साचे हवेत. विचार पटण्यासारखा होता. पण एका कमरेची, एका रंगाची जीन्स तीन वळणांत ठेवायची तर दुकानदाराला तिप्पट माल भरावा लागतो. फिटिंगचं शास्त्र पुष्कळदा गोदामात हरतं. आपल्याकडे तर २९, ३१, ३३ ही विषम मापंही दुकानात धड मिळत नाहीत, आणि लांबी बहुधा एकच: सगळ्यांना पुरेल इतकी, मग खाली कापा.

मग बघायचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी. कंबर आणि सीट यांतला फरक, आणि आसनाची खोली. ‘स्लिम’, ‘स्ट्रेट’, ‘टेपर’, ‘बूटकट’ ही नावं पायाचं वर्णन करतात, आणि पाय हा जीन्सचा सगळ्यात सोपा भाग आहे. तो कुठलाही अल्टरवाला अर्ध्या तासात बदलून देतो. अडचण वरच्या दहा-बारा इंचांत असते.

वहिनीची फट घ्या. तिची कंबर २९, सीट ४२. फरक तेरा इंच. बऱ्याच साच्यांत हा फरक दहाच्या आसपास धरलेला असतो. राहिलेले तीन इंच मागे फट होऊन दिसतात. तिने मोठं माप घेतलं तर फट वाढते, लहान घेतलं तर मांडीत शिरत नाही. अशा अंगासाठी जीन्स मागून बघायची. बेल्टपट्टीखाली दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरणारा जो जोड असतो त्याला योक म्हणतात. शिवलेल्या पँटला मागे चिमटे घेतात; जीन्समध्ये ते काम योक करतो. त्याचा मधला कोन जितका खोल तितकं मागे वळण जास्त. योक जवळपास आडवा असेल तर ती जीन्स सपाट सीटच्या माणसासाठी. दुसरी खूण बेल्टपट्टीची. जीन्स टेबलावर सपाट पसरा. पट्टी फुटपट्टीसारखी सरळ असेल तर ती वळणदार कमरेला कधीच चिकटणार नाही. पट्टी स्वतःच किंचित कमानदार कापलेली असेल तर आशा आहे. हे दोन्ही दुकानात विनामूल्य बघता येतं, घालूनही बघावं लागत नाही. सेल्समनला विचारू नका; तो ‘मॅडम, घातल्यावर सैल होईल’ किंवा ‘धुतल्यावर बसेल’ यांतलं जे सोयीचं ते सांगतो.

एवढं करूनही फट राहिली तर मांडी-सीटला बसणारी जीन्स घ्यावी आणि कंबर मागच्या मध्यावर आत घ्यावी. दीड-दोन इंचांपर्यंत हे छान जमतं. त्याहून जास्त घेतलं की मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात. खिशांवरून आठवलं: ‘द पुडिंग’ या संकेतस्थळाने २०१८ मध्ये वीस ब्रँडच्या जीन्सचे खिसे मोजले, बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. फिटिंगच्या नावाखाली आमचे खिसे कापले गेले याचा राग मी आणखी एका लेखासाठी राखून ठेवला आहे.

आता आसन. पुढच्या बटणापासून दोन्ही पायांच्या जोडापर्यंतचं अंतर म्हणजे पुढची राइज, जोडापासून मागे पट्टीपर्यंत मागची. मागची नेहमी जास्त असते, कारण बसताना कापड मागेच लागतं. आणि इथे आपला सगळ्यात मोठा, कुणी न मोजलेला प्रश्न येतो. जीन्स उभ्या माणसासाठी बेतलेली असते. आपण बसणारी माणसं आहोत. मांडी घालून, उकिडवं, पाटावर, सतरंजीवर, स्कूटरवर पाय फाकून, लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्ध्या ढुंगणाने. बसल्यावर सीटचा घेर दोनेक इंच वाढतो आणि मागची रेघ लांबते. मागची राइज आखूड असेल तर पट्टी खाली ओढली जाते, पुढचं बटण पोटात रुततं, आणि लग्नाच्या पंगतीत बाई ओढणीने, बुवा शर्टाने पाठ झाकत राहतात. २०००च्या दशकात लो-वेस्टची साथ आली तेव्हा अख्खी पिढी वाकताना एक हात पाठीशी धरून वाकत होती. नऊवारीच्या काष्ट्यात घोड्यावर टांग टाकता येत होती, धोतरात उकिडवं बसून दिवसभर काम होत होतं, आणि लेंग्याच्या नाडीला तर साइजच नसते. न शिवलेलं किंवा नाडीने बांधलेलं वस्त्र अंगाचं ऐकत होतं. शिवलेलं आलं आणि अंगाने त्याचं ऐकायला सुरुवात केली.

म्हणून ट्रायल रूममध्ये आरशासमोर वळून वळून बघण्यापेक्षा एकदा उकिडवं बसावं, एकदा जमलं तर जमिनीवर मांडी घालावी. मी घालते. जागा अपुरी असते, पडदा अर्धवट असतो, आणि पुण्यातल्या एका दुकानात बाहेरच्या मुलीने ‘काकू, बरं वाटत नाहीये का?’ असं काळजीने विचारलंही होतं. पण त्या एका मिनिटात जे कळतं ते आरसा कधीच सांगत नाही. बसल्यावर मागे चार बोटांहून जास्त पट्टी उतरली तर ती जीन्स परत. उभं राहिल्यावर जोडापासून मांड्यांकडे पंख्यासारख्या आडव्या सुरकुत्या ओढल्या गेल्या तर मांडी किंवा आसन अपुरं. सीटच्या खाली उभी घडी लोंबत असेल तर मागे कापड जास्त. धुऊन मुद्दाम पाडलेल्या फिकट रेघांना या सुरकुत्या समजू नका. त्या कारखान्यात घासून काढलेल्या असतात.

नवऱ्यासारख्या पोटवाल्यांचा प्रश्न वेगळा. पोटाच्या वर बांधायची की खाली, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. खाली बांधणाऱ्याचा पट्टा पुढून उतरतो आणि मागून चढतो, म्हणजे त्याला पुढची राइज कमी आणि मागची भरपूर हवी. नेमकी अशी जीन्स फार थोडे बनवतात. त्यातल्या त्यात मार्ग असा की कंबर सुखाने लागेल ती घ्यायची, पायाला टेपर असलेली, आणि सीट व मांडीचं जास्तीचं कापड आतल्या शिवणीतून काढून घ्यायचं. मायेचा तोच नियम: मोठी घेऊन आत घेता येते. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियन झालेल्यांना, लो-वेस्टची पट्टी थेट टाक्यांच्या रेषेवर बसते. उंच कमरेची, पुढे मऊ कापड असलेली जीन्स तिथे खरंच बरी. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांना मागचे खिसे आणि रिव्हेट कातडीला टोचून जखमा होतात. त्यांना मागून उंच आणि बिनखिशाची हवी. संधिवाताच्या बोटांना तर ते लोखंडी बटण हीच शिक्षा. परदेशात अशा जीन्स काही ब्रँड बनवतात. आपल्याकडे त्या बहुधा शिवूनच घ्याव्या लागतात.

घट्ट जीन्सने काही होत नाही असं मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या डॉक्टरांनी एका पस्तिशीच्या बाईची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. नातेवाइकांचं घर हलवताना ती तासन्‌तास उकिडवी बसून कपाटं आवरत होती, अंगात स्किनी जीन्स. संध्याकाळी पाय बधिर होऊन ती पडली. पोटऱ्या इतक्या सुजल्या की जीन्स कापून काढावी लागली, चार दिवस रुग्णालयात. असं क्वचितच होतं. पण मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या, जळजळ ही तक्रार तितकी क्वचित नाही. कमरेपाशी घट्ट पट्टीखाली एक नस दबते आणि दुखतं मात्र मांडीत. पट्टी सैल केली की बहुधा थांबतं.

स्ट्रेचने हे सगळं सुटलं असं दुकानदार सांगतात. अर्धं सुटलं. इलॅस्टेनचा धागा १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्सने शोधला. आज बहुतेक जीन्सच्या लेबलवर त्याचा एक-दोन टक्का असतो. तेवढ्याने बसताना लागणारा जास्तीचा इंच कापडातूनच मिळतो, आणि साच्यातल्या लहान चुका झाकल्या जातात. मोठ्या चुका मात्र स्ट्रेच दाखवतो: जिथे घट्ट तिथे प्रत्येक वळण, प्रत्येक शिवण उठून दिसते. शिवाय हा धागा म्हातारा होतो. गरम पाणी, कडक इस्त्री, ड्रायर यांनी लवकर. मग गुडघ्याला फुगे येतात आणि सीट लोंबते. मी एका टक्क्याच्या पुढे सहसा जात नाही. स्ट्रेच घेताना किंचित घट्ट घ्यावी, कारण ती दिवसभरात सैल होते. शंभर टक्के सुती घेताना कंबर आवळती चालेल, मांडी आणि आसन नको, कारण कंबर वापरून थोडी सोडते, आसन खोल होत नाही.

वजनही बघावं. डेनिम औंसात मोजतात. जुन्या पद्धतीची जीन्स १४ औंसांच्या आसपास. ती कोकणात जुलैमध्ये धुतली तर गुरुवारची रविवारी वाळते, वासासकट. विदर्भातल्या मे महिन्यात तिच्याबद्दल बोलूही नये. आठ ते दहा औंस आपल्या हवेला पुरे. मांड्या एकमेकींना घासणाऱ्यांना पातळ कापड जोडापाशी लवकर विरेल, हे खरं. पण तिथे आतून एक सुती ठिगळ आधीच मारून घेतलं तर वर्षभर निभतं. फाटल्यावर रफू करण्यापेक्षा ते स्वस्त.

आणि एकच माप, एकच ब्रँड, निळी बसते आणि काळी बसत नाही, याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. कारखान्यात कापडाचे कित्येक थर एकावर एक रचून एकदम कापतात. नंतर शिवलेल्या जीन्स धुतात, कधी दगडांत, कधी एन्झाइममध्ये, आणि प्रत्येक धुलाईत आटण्याचं प्रमाण वेगळं. उल्हासनगरात जीन्स शिवणारी घरंच्या घरं आहेत. तिथल्या धुलाई कारखान्यांच्या सांडपाण्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या ते आपण वाचलेलं आहे. तिथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावण्याचा विनोद जुना आहे, पण खरं सांगायचं तर आपल्या अंगाला तो माल पुष्कळदा परदेशी ब्रँडपेक्षा बरा बसतो. बेतणाऱ्याने समोर चालणारी माणसं पाहिलेली असतात.

मध्ये एक काळ असा आला होता की हा प्रश्न जवळजवळ सुटला होता. १९९०च्या दशकाच्या मध्यावर अहमदाबादच्या अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ नावाचं पाकीट काढलं. आत डेनिमचा तुकडा, चेन, बटण, रिव्हेट, लेबल. जीन्स मात्र तुमच्या शिंप्याने शिवायची. किंमत दोनशे रुपयांच्या आत, जाहिरातीत अक्षय कुमार. गावोगावच्या शिंप्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डेनिम हाती घेतलं. काही जीन्स भयानक झाल्या, पायाचा पीळ पुढे आला, जाड थरांवर सुया तुटल्या. पण कंबर तुमची होती, सीट तुमची, आणि ज्या शिंप्याला सवय होती त्याने मागच्या शिवणीत गुपचूप माया ठेवली होती. माझ्या भावाची ती जीन्स पाच वर्षं टिकली आणि दोनदा सोडली गेली. पुढे तयार माल स्वस्त झाला आणि पाकीट गेलं.

आजही शिवून घ्यायची असेल तर घेता येते. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून द्यावं, नाहीतर पहिल्या धुलाईला लांबी जाते. शिंप्याकडे १६ किंवा १८ नंबरची सुई आहे का ते विचारावं. आणि नमुना म्हणून स्वतःची सगळ्यात सुखाची, मग कितीही विटलेली असो, जीन्स द्यावी. अंगावरून माप घेण्यापेक्षा शिंपी त्या जीन्सवरून जास्त अचूक बेततो. ऑनलाइन घेतानाही हेच करावं: त्या जुन्या जीन्सची कंबर, पुढची-मागची राइज, जोडाखाली एक इंचावरची मांडी आणि आतली लांबी टेपने मोजून कागदावर लिहून ठेवावी, आणि तक्त्यात कपड्याचं माप दिलंय की अंगाचं, ते आधी बघावं.

लांबी कापताना दोन गोष्टी. बूटकटचा घेर गुडघ्याखालून वाढत जातो आणि तळाशी सगळ्यात जास्त असतो, तो कापला की जीन्स सरळ होऊन जाते आणि गुडघ्याची जागा पोटरीवर उतरते; माझ्यासारख्या बुटक्यांनी त्या वाटेला जाऊ नये. दुसरी, खालची मूळ विटकी किनार हवी असेल तर ‘मूळ पट्टी ठेवून करा’ असं आधी सांगावं लागतं.

आणि कापलेले तुकडे अल्टरवाल्याकडून मागून घ्यावेत. माझ्याकडे एका डब्यात असे नऊ जीन्सचे अठरा पाय आहेत, दोन ते पाच इंचांचे. मागच्या दिवाळीत एक जुनी, आवडती जीन्स कमरेला लागेना. आमच्या कोपऱ्यावरच्या अल्टरवाल्या काकांनी ती उलटी केली, मागची शिवण चाचपली आणि मान हलवली, ‘सोडायला काही नाही हिच्यात.’ मी डबा पुढे केला. त्यांनी त्यातून तिचाच, सहा वर्षांपूर्वी कापलेला पाय शोधून काढला, न धुतल्यामुळे अजून गडद निळा. मागची पट्टी मध्ये कापून तिथे एक लांबट त्रिकोण बसवला, जाड जोड हातोडीने ठोकून चपटा केला आणि दोन टिपा मारल्या. रंग जुळत नाही, मागून दिसतं. बसताना मात्र आता पोटात काही रुतत नाही.